इलेक्ट्रिक गिटारची मान

इलेक्ट्रिक गिटारची मान हा वाद्याचे धड आणि डोके यांना जोडणारा लांब, अरुंद आणि बहुधा लाकडी भाग होय. तिच्या पुढच्या पृष्ठभागावर धातूचे फ्रेट बसवलेली पट्टी असते, तर मागची गोलाई वादकाच्या तळव्यात व अंगठ्याखाली राहते. वाजवताना हात सतत मानेवर फिरत असल्याने, वाद्य हाताला सुखकर वाटते की अवघड, हे बऱ्याच अंशी मानेच्या आकारावर ठरते. हा आकार सांगण्यासाठी 'सी', 'डी', 'यू', 'व्ही' अशी अक्षरे रूढ आहेत. मात्र ही अक्षरे प्रमाणित मापे नाहीत. जाडी, खांद्यांची भरीवता, नटजवळची रुंदी, पट्टीची वक्रता आणि लाकडावरील लेप या सर्वांच्या एकत्रित परिणामातून मानेचा स्पर्शानुभव घडतो.

काटछेदाचे प्रकार

मान आडवी कापल्यास जी आकृती दिसेल, तिला मानेचा काटछेद म्हणतात. इंग्रजी अक्षरांशी असलेल्या साम्यावरून त्याला पुढील नावे मिळाली आहेत.

सी : पाठ एकसारखी गोलसर. आजच्या इलेक्ट्रिक गिटारींमध्ये हा आकार सर्वाधिक आढळतो.

डी : पाठ काहीशी सपाट आणि बाजू भरीव. मानेच्या मागे मध्यभागी अंगठा ठेवून वाजवणाऱ्यांना ती सोयीची वाटते.

यू : बाजू खोल व जाड. ही मान तळवा पूर्ण भरून टाकते.

व्ही : पाठीच्या मध्यावर लांब कणा असतो आणि बाजू त्याकडे उतरत्या होतात. कणा बोथट असल्यास 'मऊ व्ही' आणि ठळक असल्यास 'कठीण व्ही' असे म्हणतात.

असममित : तार खर्जाच्या बाजूला मान जाड आणि बारीक तारांच्या बाजूला पातळ असते. एडी व्हॅन हेलन यांच्या नावे १९९१ साली बाजारात आलेल्या गिटारची मान अशी होती.

खांदे आणि जाडी

मानेची जाडी सामान्यतः पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी कॅलिपरने मोजतात. बहुतेक मानांची जाडी धडाकडे जाताना वाढत जाते. पहिल्या फ्रेटपाशी १९ ते २० मिमी जाडीची मान पातळ समजली जाते, तर २४ मिमी किंवा अधिक जाडीची मान भक्कम मानली जाते. फेंडर कंपनीच्या 'आधुनिक सी' मानेची जाडी पहिल्या फ्रेटपाशी सुमारे २१ मिमी व बाराव्या फ्रेटपाशी सुमारे २३ मिमी असते.

हा आकडा केवळ मध्यभागाची खोली सांगतो. पट्टीची कड आणि पाठीचा मध्य यांमधल्या भागाला खांदा म्हणतात. मध्यभागी प्रत्येकी २१ मिमी जाडीच्या दोन माना घेतल्या आणि त्यांपैकी एकीचे खांदे भरीव, तर दुसरीचे उतरते असले, तर पहिली हाताला स्पष्टपणे जाड लागते. त्यामुळे विक्रेत्याने दिलेले एकच माप पाहून दोन मानांची तुलना करणे फसवे ठरते.

अक्षरांमुळे आणखी एक गोंधळ होतो. १९६० च्या दशकात फेंडर कंपनी मानेच्या टाचेवर 'ए' ते 'डी' यांपैकी एक अक्षर छापत असे. ते नटजवळच्या रुंदीचे निदर्शक होते. 'ए' म्हणजे दीड इंच, 'बी' म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, 'सी' म्हणजे पावणेदोन इंच आणि 'डी' म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश इंच. त्या अक्षरांचा काटछेदाच्या आजच्या अक्षरांशी संबंध नाही.

पट्टीची वक्रता

फ्रेटची पट्टी आडव्या दिशेने किंचित फुगीर असते. हा फुगवटा ज्या वर्तुळाचा भाग असतो, त्याच्या त्रिज्येने वक्रता सांगतात. फेंडरच्या जुन्या गिटारींत ही त्रिज्या ७.२५ इंच (१८४ मिमी) होती. याच कंपनीच्या आजच्या अनेक गिटारींत ती ९.५ इंच, गिब्सनच्या गिटारींत साधारणपणे १२ इंच आणि आयबानेझच्या 'विझार्ड' प्रकारच्या अनेक मानांत ४०० मिमी असते. ४३ मिमी रुंदीच्या पट्टीवर १८४ मिमी त्रिज्येने मध्यभाग कडांपेक्षा सुमारे १.३ मिमी उंच राहतो. ४०० मिमी त्रिज्येने हा फरक सुमारे ०.६ मिमी इतकाच उरतो.

अधिक फुगीर पट्टीवर तर्जनी आडवी टेकवून स्वरसंघात धरणे अनेकांना सोपे जाते. मात्र सतारीवरील मिंडेप्रमाणे तार आडवी ओढून स्वर चढवताना अडचण येते. ओढलेली तार फुगवटा ओलांडू लागते, वरच्या फ्रेटना घासते आणि स्वर मध्येच विझतो. तारा फ्रेटच्या जवळ ठेवल्या असल्यास हा दोष अधिक जाणवतो. त्यावर उपाय म्हणून काही गिटारींत संमिश्र वक्रता असते : नटकडे पट्टी फुगीर आणि धडाकडे सपाट होत जाणारी.

काही वादक फ्रेटमधले लाकूड अर्धचंद्राकृती खोदून घेतात. स्वीडिश वादक इंग्वे माल्मस्टीन यांची गिटार यासाठी प्रसिद्ध आहे. सतारीच्या उंच पडद्यांवर जसे बोट दांडीला टेकत नाही, तसे ते येथेही लाकडाला टेकत नाही आणि तार ओढण्यास पकड मिळते. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी एल. शंकर व झाकिर हुसेन यांच्या समवेत 'शक्ती' या वृंदात अशी खोदलेली पट्टी असलेली ध्वनिक गिटार वाजवली.

इतिहास

पोलादी तारांचा ताण मानेला पुढे वाकवतो. तो पेलण्यासाठी पूर्वी मान जाड ठेवावी लागे. पाठीवरचा 'व्ही' कणाही तिला बळकटी देई. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना मानेच्या आत बसवायच्या, पेचाने ताण कमी-जास्त करता येणाऱ्या धातूच्या सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले. या सळईमुळे मान बारीक करणे शक्य झाले.

फेंडरच्या १९५० सालच्या अगदी सुरुवातीच्या गिटारींत अशी सळई नव्हती. मेपलचे कठीण लाकूड पुरेसे ठरेल अशी कल्पना होती. लवकरच सळई बसवण्यात आली. या कंपनीच्या माना पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी जाड होत्या, मध्याला त्यांत 'व्ही' आकार दिसू लागला आणि दशकाच्या अखेरीस त्या बारीक झाल्या. गिब्सनच्या 'लेस पॉल' गिटारींत १९५९ ची गोल, भरीव मान आणि १९६० ची सडपातळ मान या दोन्ही पुढे आदर्श मानल्या गेल्या. तेव्हा मानेला अखेरचा आकार हाताने घासून दिला जात असल्याने एकाच वर्षीच्या दोन मानाही तंतोतंत सारख्या नसत. १९८० च्या दशकात द्रुतगती वादनशैलीबरोबर पातळ व सपाट माना लोकप्रिय झाल्या. आयबानेझच्या 'विझार्ड ३' मानेची जाडी पहिल्या फ्रेटपाशी १९ मिमी व बाराव्या फ्रेटपाशी २१ मिमी असते.

लेप आणि हवामान

मेपलच्या मानेवर बहुधा लेप द्यावा लागतो. चकचकीत, जाड लेप घामाने चिकट वाटू शकतो. अर्धचकचकीत लेप किंवा तेल लावलेल्या मानेवर हात सहज सरकतो. त्यामुळे एकाच आकाराच्या दोन मानाही 'जलद' किंवा 'संथ' वाटतात. मुंबई व कोकणासारख्या दमट हवेत हा फरक विशेष जाणवतो. हवेतील आर्द्रतेप्रमाणे लाकूड फुगते व आकसते, मानेचा बाक बदलतो आणि सळईचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. सळईने बाक सुधारतो, काटछेद बदलत नाही.

हात आणि निवड

लहान हाताला पातळ मानच योग्य, हा समज प्रचलित असला तरी तो सरसकट खरा नाही. अतिशय पातळ मानेवर अंगठा व बोटे यांना चिमटीसारखा जोर लावावा लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी थकवा येऊ शकतो. भरीव मान तळव्याला आधार देते. हाताच्या लांबीइतकेच महत्त्व पकडीला असते. अंगठा मानेवरून पुढे आणणाऱ्यांना 'व्ही' मान अंगठा व तर्जनी यांमधल्या खोबणीत नीट बसते, तर अंगठा मागे टेकवणाऱ्यांना तिचा कणा टोचू शकतो.

नामवंत वादकांच्या निवडीही एकसारख्या नाहीत. फेंडरने १९८८ साली काढलेल्या एरिक क्लॅप्टन यांच्या नावाच्या गिटारला मऊ 'व्ही' मान होती. जेफ बेक यांच्या नावाच्या गिटारची मान १९९१ साली अतिशय जाड होती. २००१ च्या सुधारित आवृत्तीत ती सडपातळ 'सी' आकाराची झाली. म्हणजे एकाच नावाच्या गिटारचा आकारही दहा वर्षांत बदलला.

मानेची पारख बसून आणि उभे राहून, दोन्ही स्थितींत करणे हितावह असते, कारण पट्ट्याच्या उंचीनुसार मनगटाचा कोन बदलतो. काही मिनिटांत जाड वाटलेली मान अर्ध्या तासाने सवयीची होऊ शकते आणि प्रथम सुखद वाटलेली पातळ मान तितक्याच वेळात हात दुखवू शकते. तारांची उंची कमी करणे किंवा लेप मऊ करणे हे बदल कुशल कारागीर थोडक्यात करतो. मान घासून पातळ करणे मात्र अखेरचा उपाय समजला जातो : काढलेले लाकूड परत बसवता येत नाही, आणि जुन्या गिटारचे मोलही त्यामुळे घटते.