अपघातग्रस्ताच्या दाराशी आलेला न्याय

इंग्लंडात 1808 साली एक प्रवासी घोडागाडी उलटली. टपावर बसलेल्या एका गृहस्थास मुका मार लागला. त्याची पत्नी मात्र सुमारे महिनाभर यातना सोसून रुग्णालयात मरण पावली. पती न्यायालयात गेला. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितले, की पत्नी जिवंत होती तेवढ्या दिवसांपुरतीच भरपाई मागता येईल. मनुष्याचा मृत्यू हे दिवाणी दाव्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणजे जखमी माणूस जगला तर गाडीमालकाने भरपाई द्यावी, आणि तो मेला तर त्या मृत्यूबद्दल काहीच देऊ नये!

आगगाड्या धावू लागल्यावर हा नियम लोकांना असह्य झाला. 1846 साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क मिळाला. मुंबई-ठाणे आगगाडी 1853 साली सुरू झाली, आणि दोनच वर्षांनी त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात झाला. परंतु हक्क मिळणे निराळे आणि तो पदरात पडणे निराळे. दिवाणी न्यायालयात मागणीच्या प्रमाणात कोर्ट-फी आधी भरावी लागे. कर्ता पुरुष गमावलेल्या विधवेने ती कोठून आणावी? बरे, हुकूमनामा हाती आला आणि मोटारमालक कफल्लक निघाला, तर त्या कागदाचे करायचे काय?

या दुसऱ्या प्रश्नाला 1939 च्या मोटार वाहन कायद्याने उत्तर दिले. रस्त्यावरील त्रयस्थ माणसासाठी विमा सक्तीचा करण्यात आला. ती तरतूद 1 जुलै 1946 पासून अमलात आली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 1956 च्या दुरुस्तीने दिले. मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. तेथे साधा अर्ज पुरेसा होता, आणि फी दिवाणी दाव्याच्या मानाने पुष्कळच कमी.

तरीही एक अडसर उरला. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध केल्यावाचून भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. जो बेशुद्धावस्थेत उचलून नेला गेला, त्याने साक्षीदार कसे जमवावेत? 1982 साली कायदा बदलला. कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल 7,500 रुपये देण्याचे ठरले. 2019 च्या दुरुस्तीने अशी भरपाई मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये झाली.

1994 च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी सोय केली. अपघात जेथे घडला तेथेच अर्ज करण्याचे बंधन राहिले नाही; जखमी माणूस जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणही त्याला खुले झाले. पुण्याजवळ जखमी झालेल्या बेळगावकराला किंवा इंदूरच्या प्रवाशाला तारखांसाठी पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण उरले नाही. ज्यांना दोन राज्यांच्या सीमा वरचेवर ओलांडाव्या लागतात, त्यांनाच या सोयीचे मोल कळेल.

उरला वकिलाचा खर्च. 1987 चा विधिसेवा कायदा 1995 साली अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो; इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत मिळतो. त्यासाठी जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस रुग्णालयाच्या दारात घुटमळणाऱ्या दलालाच्या हाती सापडतो, आणि कोऱ्या कागदावर अंगठा उठवून भरपाईचा वाटा आधीच गमावून बसतो. वास्तविक भरपाईच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे भारतीय वकिलांना त्यांच्या आचारनियमांनी निषिद्ध आहे.

वेळेचाही विचार करावा लागतो. 1994 साली अर्जाची मुदत काढून टाकण्यात आली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती पुन्हा सहा महिन्यांवर आणली, आणि 1 एप्रिल 2022 पासून ही तरतूद लागू झाली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. परंतु त्या वादाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. पोलिसांतील फिर्याद, रुग्णालयाचे कागद, औषधांच्या पावत्या आणि वाहनाचा क्रमांक पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा.

यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाला ज्या शोमरोनी वाटसरूने उतारशाळेत पोहोचविले, त्याने तेथील खर्चाचीही हमी घेतली. अशा वाटसरूला आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. खर्चाची हमी कायद्याने विम्यावर सोपविली आहे. मात्र ही हमी मागून घ्यावी लागते, आणि खाटेवर पडलेल्या माणसाला ते सांगणारे कोणीतरी शेजारी असावे लागते. दीडशे-दोनशे वर्षे चालून न्याय दाराशी आला आहे. दार आतून उघडण्याइतकी माहिती घरोघरी पोहोचणे एवढेच बाकी आहे.