रकान्यात न मावलेली माणसे

बडोद्याच्या जुन्या मराठी वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला असा एक तरी मनुष्य आठवतो. वय चाळिशीचे, पण सारा वाडा त्याला 'बाळ'च म्हणे. पूजेची फुले आणावी, पाहुण्यांना पाणी द्यावे, पंगतीत पत्रावळी मांडाव्यात, ही त्याची कामे. तो कोणाच्या अध्यात नसे, मध्यात नसे. परंतु शाळेच्या पटावर त्याचे नाव कधी लागले नाही, आणि मुलगी पाहायला मंडळी आली की त्याला माडीवर धाडले जाई. वाड्याने त्याला पोसले. मोजले मात्र नाही. या न मोजण्याचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या संस्थानाची कीर्ती तर शिक्षणाचीच. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक ब्रिटिश मुलखात नामंजूर झाले, तेव्हा बडोद्यात सक्ती रुळलेली होती. तथापि सक्तीने मूल वर्गापर्यंत येते. पुढे त्याला शिकवायचे कसे, हे मास्तरांना ठाऊक असावे लागते. सावकाश शिकणाऱ्या मुलासाठी निराळी रीत त्या काळच्या शाळेजवळ नव्हती. एकाच यत्तेत दोन-तीन वर्षे काढून ते मूल घरी बसे, आणि 'डोके नाही' या दोन शब्दांत त्याचे प्रकरण मिटे.

सरकारी दप्तरातही त्याला जागा नव्हती. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांची गणती होई. मंदबुद्धी मनुष्याचा स्वतंत्र रकाना नसे. ब्रिटिश मुलखातील १९१२ च्या कायद्याने तर 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याला बसवले. वस्तुतः वेड हा आजार आहे. तो जडतो आणि उपचाराने उतरूही शकतो. बौद्धिक अक्षमता ही जन्मापासूनची वा बालपणातली अवस्था. तीत मनुष्य शिकतो, फक्त त्याची गती निराळी असते. हा भेद कायद्याने स्पष्टपणे मान्य करण्यास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले.

दरम्यान अभ्यासकांनी वाट काढली होती. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली; त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. आमच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या तान्ह्या मुलांचे निरीक्षण करून भारतीय बालकांच्या विकासाचे मापदंड १९७० साली सिद्ध केले. ही मापे दुधारी असतात. त्यांनी मुलावर शिक्काही मारता येतो, आणि त्याला कोठून शिकवायला आरंभ करावा हेही कळते. माप कोणाच्या हाती आहे, त्यावर सारे अवलंबून.

शाळा मात्र आईबापांनी काढल्या. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, ती जय नावाच्या एका मुलीच्या पालकांच्या धडपडीतून. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' निघाली. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादेस स्थापन झाली ती १९८४ साली. म्हणजे पालकांनी वाट मळल्यावर चाळीस वर्षांनी शासन त्या वाटेला लागले.

त्यानंतर मात्र कायद्यांनी वेग घेतला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात मतिमंदत्वाची गणना झाली. पण नोकऱ्यांतील तीन टक्के राखीव जागांत त्याचा वाटा ठेवला नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्यातील समितीस दिला. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, अथवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. नोकऱ्यांतही वाटा ठेवला. न्यासाच्या समितीकडे येणारे अर्ज नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या मेजावरून जात. अर्जदार बहुधा सत्तरीतले आईबाप. नमुन्यातले रकाने ते नीट भरत; पण उठताना प्रत्येकाचा प्रश्न एकच असे: साहेब, आमच्यानंतर काय?

एक कबुली येथे दिली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत मतिमंदत्वाचा रकाना मनोरुग्णांपासून वेगळा होता. पडताळणीसाठी आम्ही प्रगणकाबरोबर आपल्याच समाजातील एका घरी गेलो. घरधन्यांनी पाच नावे सांगितली. सहावा आतल्या खिडकीत उभा होता; त्याला आम्ही लहानपणापासून ओळखत होतो. आम्ही क्षणभर थांबलो, चहा घेतला आणि पाचांवर सही करून उठलो. देशभरात त्या रकान्यात सुमारे पंधरा लाख माणसे नोंदली गेली. तो आकडा वाचताना दर वेळी आम्हाला ती खिडकी आठवते. रकाना नव्हता तोवर दोष सरकारचा म्हणता येत होता. तो आल्यावरही जो रिकामा राहिला, त्याचा दोष आमचा.

आता वाडे गेले आणि सदनिका आल्या. काका, आत्या, शेजारी मिळून ज्याला सांभाळीत, त्याचा भार दोन वृद्धांवर पडला आहे. वाड्याची माया खरी होती, हे आम्ही नाकारत नाही; पण ती माया वाड्याबरोबर संपली. हक्काची नोंद असती तर ती उरली असती.

आपल्या मंडळांनी परमुलखात भाषा टिकवली, गणेशोत्सव टिकवले, वाचनालये चालवली. त्यांच्या सभासदयादीत या माणसांची नावे आहेत काय? उत्सवात आरतीचे तबक, वाचनालयात पुस्तके लावण्याचे काम, पंगतीत वाढप्याचा मान, हे त्यांना देता येईल. दया म्हणून नव्हे, वाटणीचे काम म्हणून. वाड्यातला बाळ पत्रावळी मांडीतच होता. त्याचे नाव तेवढे कोणी लिहिले नव्हते. पुढच्या जनगणनेचा प्रगणक दाराशी येईल तेव्हा सहावे नाव घरातूनच, मोठ्याने, सांगितले जावे. आम्ही त्या दिवशी जे केले नाही, ते पुढच्यांनी करावे.