दोन पूर्वज : फादर स्टीफन्स व बिशप कास्त्रो

महोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच स्मरणाचा प्रसंग होय. ज्यांनीं आपल्या धर्मग्रामाचा पाया घातला, त्यांची आठवण आज प्रत्येकाच्या मुखीं आहे. प्रस्तुत लेखांत त्याहूनही मागें, सुमारें चारशें वर्षांपूर्वींच्या काळांत जाऊन दोन पुरुषांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असा हेतु आहे. दोघांचेंही नांव गोमंतकाशीं जोडलेलें आहे. तथापि आपण मराठींत प्रार्थना करितों आणि आपल्याच देशबांधवांच्या हातून संस्कार घेतों, ह्या दोन गोष्टींसाठीं आरंभीं जे झटले, त्यांत त्यांची गणना केली पाहिजे.

“तुमचा धर्म परक्यांचा,” हे शब्द आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानीं पडलेले असतात. त्यांवर रागावण्यापेक्षां इतिहासाकडे पाहणें अधिक हितकर आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन या गांवीं झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिक धर्म उघडपणें पाळणें हें संकट ओढवून घेण्यासारखेंच होतें. स्टीफन्स यांनीं स्वदेश सोडला, १५७५ सालीं रोमेंत येशूसंघांत प्रवेश केला, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले. १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत चाळीस वर्षें त्यांनीं ह्याच भूमींत, बहुतेक साष्टी प्रांतांत, घालविलीं.

येथें येतांच त्यांनीं लोकांची वाणी कान देऊन ऐकिली. १५८३ सालीं आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रांत, ह्या देशांतील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असें त्यांनीं नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृताविषयीं असाच विचार कलकत्त्यास मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे दोन शतकांनंतर. कोंकणी भाषेचें व्याकरणही स्टीफन्स यांनीं रचिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, राचोल येथें छापून निघालें.

परंतु त्यांचें खरें स्मारक म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? प्रश्न रास्त होता. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोथी वाचली जात होती, त्यांचें मन केवळ प्रश्नोत्तरें पाठ करून कसें भरावें? स्टीफन्स यांनीं उत्तर दिलें तें ओवींत. ‘पैलें पुराण’ जुन्या कराराचें व ‘दुसरें पुराण’ प्रभु येशूच्या चरित्राचें. मिळून दहा हजार नऊशें बासष्ट ओव्या. हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें छापला गेला, आणि १६४९ व १६५४ सालीं त्याचें पुनर्मुद्रण झालें. रविवारीं व सणावारीं देवळांतून तो वाचला जात असे.

येथें सोलापूरकरांनीं विशेष लक्ष द्यावें. ओवी ही कोणाची? ज्ञानेश्वरांची व एकनाथांची. ज्या ओवीचा घोष आपल्याच जिल्ह्यांत चंद्रभागेच्या वाळवंटांत आजही ऐकूं येतो, तीच ओवी विल्टशायरच्या ह्या पुत्रानें प्रभूच्या चरणीं वाहिली. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास तो कचरला नाहीं, आणि मराठी भाषेची थोरवी गातांना कोणा स्वकीय कवीनेंही मागें राहिलें नसतें अशा प्रेमानें त्यानें ती गाइली. मनुष्य परका होता. भाषा त्यानें परकी राहूं दिली नाहीं.

मात्र एक इच्छा अपुरी राहिली. ग्रंथ देशी लिपींत छापावा, असें त्यांच्या मनांत फार होतें. १६०८ सालीं त्यांनीं येशूसंघाच्या प्रमुखांस लिहून अडचण कळविली कीं, युरोपांत चोवीस ठशांनीं काम भागतें, तर येथें सहाशें ठसे ओतावे लागतील. ते ओतले गेले नाहींत. ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला आणि देवनागरी वाचणाऱ्या महाराष्ट्रापासून दूर राहिला.

ख्रिस्तपुराण छापून दहा वर्षेंही लोटलीं नव्हतीं तोंच, १६२५ सालीं, गोव्यांतील दिवाडी बेटावरचा एक तरुण रोमेंत येऊन पोहोंचला. त्याचें नांव मातेउश द कास्त्रो. ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती घराण्यांत तो जन्मला होता. गुरुदीक्षा घ्यावी ही त्याची तळमळ. परंतु गोव्याच्या आर्चबिशपांनीं त्यास दीक्षा नाकारली. स्टीफन्स यांनीं ज्या लोकांसाठीं दहा हजार ओव्या लिहिल्या, त्यांच्यांतीलच एका सुपुत्रास वेदीवर उभें राहण्याची मुभा नव्हती! कास्त्रो यांनीं धर्म टाकिला नाहीं. त्यांनीं थेट रोम गांठलें. तेथें १६२२ सालीं धर्मप्रसार मंडळ स्थापन झालें होतें, आणि देशोदेशीं तेथीलच धर्मगुरु असावेत हें त्या मंडळाचें धोरण होतें. रोमेंत शिक्षण होऊन कास्त्रो गुरु झाले. आणि १६३७ सालीं पोपमहाशयांनीं त्यांस बिशपपद देऊन ‘इदलकान’ प्रांताचे प्रतिनिधि नेमिलें. लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेंत ह्या देशांतील मनुष्य बिशप झाला, तो हा पहिला.

इदलकान म्हणजे आदिलखान, अर्थात विजापूरचें राज्य. आतां सोलापूरचा संबंध पाहावा. १६३६ च्या तहानें शहाजहानानें सोलापूरचा किल्ला विजापूरकरांकडे राहूं दिला होता. म्हणजे दुसऱ्याच वर्षीं जेव्हां कास्त्रो यांची नेमणूक झाली, तेव्हां आपलें हें नगर त्याच राज्यांत होतें. आपल्या भुईकोटाच्या तटाकडे पाहतांना ही गोष्ट मनांत आणावी : पुणें धर्मप्रांत स्थापन होण्याच्या अडीचशें वर्षें आधीं, ज्या राज्यांत सोलापूर होतें, त्या राज्यासाठीं रोमेनें बिशप नेमिला, आणि तो ह्याच देशाचा पुत्र होता.

कास्त्रो यांची वाट कांटेरी होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांचा अधिकार मानिला नाहीं. म्हणून ते गोव्याच्या सीमेपलीकडे, विजापूरच्या मुलखांतील डिचोलीस, राहिले. विजापूरकरांस गोव्याविरुद्ध चिथावल्याचा आरोपही त्यांच्यावर आला. अखेर ते रोमेस परतले व तेथेंच वारले. त्यांचे दोषही झांकूं नयेत. त्यांचा स्वभाव तापट होता. आणि १६५३ सालीं त्यांनीं लिहिलेलें प्रसिद्ध पत्र गोव्यांतील ब्राह्मण ख्रिस्ती जनांसच उद्देशून होतें. ज्यास रंगामुळें दूर लोटलें गेलें, त्याच्याही मनांतून जातीचा अभिमान गेला नव्हता. हा धडा आपणांस आजही उपयोगी आहे.

दोघांच्या कार्यावर पुढें पडदा पडला. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें असें फर्मान काढिलें. ख्रिस्तपुराण हस्तलिखितांच्या आधारें तगून राहिलें. १९०७ सालीं मंगळुरास तें रोमन लिपींत पुन्हां छापलें गेलें, आणि देवनागरींत पुण्यास निघालें तें १९५६ सालीं, शांताराम बंडेलू यांच्या हातून. स्टीफन्स यांची इच्छा पुरी होण्यास प्रथम मुद्रणापासून तीनशें चाळीस वर्षें लागलीं.

कास्त्रो यांची वाटही तितकीच लांब ठरली. पुणें धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप बायडरलिंडन हे येशूसंघी जर्मन. भारतीय बिशप, आंद्रू डिसोझा, लाभले ते १९४९ सालीं. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेंतील उपासनेस मोकळीक दिली, आणि जेथें लॅटिन शब्द कानांवरून जात, तेथें मराठी मिस्सा हृदयांत उतरूं लागली. २००९ पासून २०२३ पर्यंत ह्याच धर्मप्रांताचे बिशप असलेले थॉमस डाबरे हे वसईचे मराठी भाषिक, आणि तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिणारे विद्वान. स्टीफन्स यांची भाषा आणि कास्त्रो यांची दीक्षा येथें एका व्यक्तींत एकत्र आल्या.

सोलापूर हें मराठी, कानडी, तेलगू व उर्दू बोलणाऱ्यांचें नगर आहे. येथें कोणासही केवळ बोलीवरून किंवा कुळावरून परकें मानणें शोभत नाहीं. आपल्या देवळाच्या दारांत तर मुळींच नाहीं. ह्या महोत्सवाची भेट म्हणून वाचकांस एकच विनंति आहे : येत्या उपवासकाळांत घरीं संध्याकाळीं दिवा लावून ख्रिस्तपुराणांतील थोड्या ओव्या मोठ्यानें वाचाव्या, आणि मुलाबाळांकडून वाचवून घ्याव्या. जुने शब्द आरंभीं अडतील. चाल सांपडली कीं वाट आपोआप सांपडेल. मग आपला धर्म परक्यांचा कीं आपला, ह्याचें उत्तर मुलांस निराळें सांगावें लागणार नाहीं.