वकिलांच्या जाहिराती : ऑस्ट्रेलियातील नियम आणि अशिलाचे हित

भारतात वकिलाने स्वतःची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. ऑस्ट्रेलियात मात्र सॉलिसिटरांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर आणि समाजमाध्यमांवर राजरोस झळकतात. त्यामुळे येथे या बाबतीत नियमच नाहीत, असा समज भारतातून आलेल्या अनेकांचा होतो. प्रत्यक्षात दोन्ही देशांत नियम आहेत. त्यांचा रोख मात्र वेगवेगळा आहे.

भारतीय पार्श्वभूमी

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील नियम ३६ वकिलाला काम मागण्यास व जाहिरात करण्यास मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली. या विषयावरील महत्त्वाचा खटला मुंबईचाच आहे. फौजदारी न्यायालयाच्या आवारात पक्षकारांना गाठून कामे हिसकावल्याचा ठपका काही वकिलांवर होता. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोलकर या प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिली हा व्यापार नव्हे, असे ठणकावले. व्यवसायाची प्रतिष्ठा हा त्या निकालाचा गाभा होता.

ऑस्ट्रेलियातील मूळ नियम

योगायोग असा, की ऑस्ट्रेलियन सॉलिसिटर्स कंडक्ट रूल्समधील जाहिरातीचा नियमही ३६ क्रमांकाचाच आहे. बहुतेक राज्यांनी ही आचारसंहिता स्वीकारली आहे. जाहिरात खोटी, दिशाभूल करणारी, आक्षेपार्ह किंवा कायद्याने निषिद्ध नसावी, एवढीच त्याची मुख्य अट आहे. संबंधित व्यावसायिक संस्थेची मान्यता नसताना ‘अ‍ॅक्रेडिटेड स्पेशलिस्ट’ हे बिरुद लावता येत नाही. शिवाय, इतर व्यावसायिकांप्रमाणे वकिलांनाही ऑस्ट्रेलियन ग्राहक कायदा लागू आहे.

अपघात-भरपाईचा अपवाद

शारीरिक इजेच्या दाव्यांबाबत काही राज्ये अधिक कठोर झाली. मार्च २००१ मध्ये एचआयएच ही विमा कंपनी कोसळली, विम्याचे हप्ते भडकले आणि दावे वाढवल्याचा दोष वकिलांच्या जाहिरातींवर आला. न्यू साउथ वेल्सने अशा जाहिरातींवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. वकिलांची संघटना आणि मॉरिस ब्लॅकबर्न ही पेढी यांनी तिला आव्हान दिले. परंतु १ सप्टेंबर २००५ रोजी हाय कोर्टाने ५ विरुद्ध २ अशा मताधिक्याने बंदी वैध ठरवली. न्यायमूर्ती मॅकह्यू आणि कर्बी यांचे मत विरोधी होते.

क्वीन्सलँडमध्ये २००२ च्या कायद्यानुसार अशा जाहिरातीत साधारणतः नाव, संपर्क आणि कामाचे क्षेत्र एवढेच देता येते. अपघातस्थळी जाऊन दावा करण्यास उद्युक्त करणेही निषिद्ध आहे.

या निर्बंधांची दुसरी बाजू गंभीर आहे. क्वीन्सलँडमध्ये इजेचा दावा सामान्यतः ३ वर्षांत न्यायालयात दाखल करावा लागतो आणि त्याआधीची नोटीस देण्याची मुदत तर महिन्यांत मोजली जाते. स्थानिक कायदा ठाऊक नसलेल्या नव्या स्थलांतरिताला आपल्या हक्काची पहिली वार्ता अनेकदा जाहिरातीतूनच मिळते. जाहिरात थांबली, की व्यवसायाची प्रतिमा उजळते. पण ती माहितीही थांबते.

जाहिरात वाचताना

‘नो विन, नो फी’ याचा अर्थ खटला फुकट असा नाही. हरल्यास आपल्या वकिलाची फी वाचली, तरी प्रतिपक्षाचा खर्च अंगावर येऊ शकतो. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि २०२२ पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया येथे लागू असलेल्या समान कायद्यानुसार भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून खर्चाचा लेखी करार आधी वाचावा.

व्हिसाच्या कामातही सावधगिरी हवी. निर्णय सरकारचा असल्याने यशाची हमी कोणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. २२ मार्च २०२१ पासून पूर्ण सनदधारक वकील एजंट म्हणून नोंदणी न करता हे काम करतात. इतरांची नोंदणी सरकारी यादीत तपासता येते.

तक्रार असल्यास न्यू साउथ वेल्समध्ये लीगल सर्व्हिसेस कमिशनर, व्हिक्टोरियात लीगल सर्व्हिसेस बोर्ड अँड कमिशनर आणि क्वीन्सलँडमध्ये लीगल सर्व्हिसेस कमिशन यांच्याकडे ती करता येते.