माणसं बदलली, तरी बँड तोच?

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे हेवी मेटल कुठून काढलं?" तर बघा, आपलं वरणगाव हे ऑर्डनन्स फॅक्टरीचं गाव, आणि हे संगीतही कारखान्याच्याच गावात जन्मलं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने बोटांना टोप्या बसवल्या, गिटारच्या तारा पुढे सैल केल्या, आणि सूर खाली उतरून जड झाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम १९७० सालचा.

आता मुंबईत येऊ. १९८४ मध्ये तिथे 'रॉक मशीन' हा रॉक बँड उभा राहिला. १९९३ मध्ये त्याने नाव बदललं, 'इंडस क्रीड' केलं. नाव गेलं, पण बँड तोच, असं सगळे म्हणाले.

याच्या बरोबर उलट गोष्ट 'डेमोनिक रिझरेक्शन'ची. हा मेटल बँड साहिल मखिजाने २००० साली मुंबईत काढला. २०००, २००५, २०१०, २०१४, २०१७ असे त्यांचे पाच अल्बम. एवढ्या काळात वाजवणारे बदलत गेले. पहिल्यापासून आहे तो एकटा साहिल. आपल्याकडे या संगीतावर पोट भरणं अवघड. त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवला. पण बँड सोडला नाही.

मग माणसं बदलली, तरी बँड तोच कसा? मिलिंद राजाला नागसेनाने हाच पेच घातला होता. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? तेही नाही. सगळं मिळून जे चालतं त्याला आपण रथ म्हणतो. गंमत म्हणजे या बँडच्या २०१७च्या अल्बमचं नावच 'दशावतार' आहे! रूपं दहा, विष्णू एक.

मला वाटतं, बँड टिकतो तो नावावर नाही, आणि एकट्या माणसावरही नाही. नवा येतो तेव्हा जुनी गाणी त्याला कुणीतरी बसवून द्यावी लागतात, आणि मग त्याच्या हातालाही थोडी मोकळीक द्यावी लागते. या दोन्हींतलं एक जरी राहिलं, तरी बँड संपला.

हे मी का सांगतोय? आमच्या भजनी मंडळात आता जुने तिघंच उरलोत. पखवाज वाजवणारा गेल्या वर्षी गेला. गल्लीतली दोन पोरं यायला तयार आहेत, पण कीबोर्ड घेऊन. आमच्यातले एक बुवा म्हणतात, मग ते आपलं मंडळ राहणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, "बुवा, पोरांना आधी आपल्या चाली शिकवू. कीबोर्डचं मग बघू." गुरुवारी बोलावलंय त्यांना.