उन्हाळी सत्र कुणासाठी? बाबासाहेबांचे 60 कोर्स आणि यवतमाळचा विद्यार्थी

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली, सोबत उन्हाळी सत्रही आणले. यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार हे सत्र आठ आठवड्यांचे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याने त्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला की हातात सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा. शिकत राहणाऱ्याला याच सत्रात जादा विषय घेता येतात, राहिलेले पूर्ण करता येतात. पण कोणते विषय शिकवायचे, हे कॉलेजने शिक्षक आणि विद्यार्थिसंख्या पाहून ठरवायचे. म्हणजे कागदावर निवड विद्यार्थ्याची, प्रत्यक्षात कॉलेजच्या ऐपतीची!

विषय निवडण्याचे बळ कुठून येते, हे आपलाच इतिहास सांगतो.

1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक असे 60 कोर्स केले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात बसला, म्हणूनच मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये जातीच्या उगमावरचा तो निबंध वाचला गेला.

या निवडीमागे त्यांची अफाट मेहनत होती, तशी बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्तीही होती. तिची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच, जिद्द तीच. पैसा थांबला आणि शिक्षण थांबले. पुन्हा लंडन गाठायला 1920 उजाडले.

हा अनुभव बाबासाहेबांनी धोरणात उतरवला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळवली. 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याचे जगणे पाहून वेळापत्रक आखले.

आता यवतमाळकडे या. आपला जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत. इथल्या भूमिहीन घरातल्या पोरापोरींचा उन्हाळा म्हणजे कमाईचा हंगाम. कुणी तेंदूपत्ता तोडायला जाते, कुणी बांधकामावर, कुणी पुण्याच्या कंपनीत. ज्याच्या बापाकडे पैसा आहे, तो मे महिन्यात जादा विषय घेईल, इंटर्नशिप करेल, चौथ्या वर्षाला संशोधन करेल. आपल्या पोराला मात्र सर्टिफिकेट देऊन पहिल्याच वर्षी दार दाखवले जाईल, आणि त्याला 'लवचिकता' म्हटले जाईल. एकाला ज्ञान, दुसऱ्याला हातकाम, ही वाटणी आपण ओळखत नाही का?

व्यावसायिक कौशल्य वाईट नाही. पण ते शिक्षण सोडण्याची किंमत म्हणून नको.

म्हणून मित्रांनो, मागण्या स्पष्ट ठेवू या. उन्हाळ्यात वसतिगृह आणि मेस चालू राहिली पाहिजे. उन्हाळी सत्रापुरता निर्वाहभत्ता मिळाला पाहिजे. तालुक्याच्या कॉलेजातही अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्राचे उन्हाळी वर्ग झाले पाहिजेत. एका कॉलेजला शिक्षक पुरत नसतील तर चार कॉलेजांनी मिळून घ्यावेत. आणि पहिल्या वर्षानंतर किती जण बाहेर पडले, त्यांचा प्रवर्ग कोणता, याची माहिती दरवर्षी कॉलेजकडून माहितीच्या अधिकारात मागा.

शिका म्हणताना बाबासाहेबांनी कुठे थांबायचे ते सांगितले नव्हते. मग एका वर्षावर आपण का थांबावे?

जय भीम!