चोपन्न थांब्यांची शर्यत : विजेच्या गाड्या आणि चार्जिंग स्टेशनांचा इतिहास

#इतिहास #धागा

१/२०
२६ ऑगस्ट १९६८. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला पॅसाडेना येथून एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन पूर्वेकडे निघाली. त्याच वेळी पूर्व टोकाला, बोस्टनजवळच्या केंब्रिज येथून एक शेव्हरोले कॉर्व्हेर पश्चिमेकडे निघाली. दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या आणि दोन्ही विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या होत्या. मधे सुमारे ३,३०० मैलांचा रस्ता होता आणि त्यावर ५४ चार्जिंग स्टेशने. जी गाडी ती साखळी पार करून समोरच्याच्या दारात आधी पोहोचेल, ती विजयी.

२/२०
आज अमेरिकेत आणि युरोपात विजेच्या गाड्यांच्या मालकांमध्ये एक आगळी चढाओढ चालते : कोणी किती वेगवेगळ्या चार्जिंग स्टेशनांना भेट दिली? आपल्याकडे दोन भटके भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘तुझे किती किल्ले झाले?’ तसाच हा प्रकार. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा छंद वाटेल. पण त्याच्या मुळाशी सव्वाशे वर्षांचा एक प्रश्न आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

३/२०
सुरुवात १९०० पासून करू. त्या काळी अमेरिकेत मोटारी तीन प्रकारच्या होत्या : वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या. त्या वर्षीच्या औद्योगिक गणनेत ४,१९२ मोटारींची नोंद आहे. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या. म्हणजे पेट्रोलची गाडी तिसऱ्या क्रमांकावर होती! विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे आणि सुरू करण्यासाठी हँडल फिरवावे लागत नसे.

४/२०
वेगातही ती मागे नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामीय झेनात्झी याने पॅरिसजवळ ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती विजेची होती. मग अडचण कोठे होती? शहराच्या वेशीबाहेर. शहरात वीज होती, गॅरेजे होती. वेस ओलांडली की बॅटरी पुन्हा कोठे भरायची, हा प्रश्न उभा राहत असे.

५/२०
या प्रश्नाला पहिले ठसठशीत उत्तर देऊ पाहणारा माणूस म्हणजे डेन्व्हरचा ऑलिव्हर फ्रिचल. तो मूळचा रसायनतज्ज्ञ आणि बॅटऱ्यांचा जाणकार. आपली गाडी एका चार्जिंगमध्ये १०० मैल धावते, असा त्याचा दावा होता. तो सिद्ध करण्यासाठी त्याने इतर विद्युत मोटार उत्पादकांना आव्हान दिले : नेब्रास्कातील लिंकनपासून न्यूयॉर्कपर्यंत शर्यत लावू. आव्हान कोणीही स्वीकारले नाही.

६/२०
तेव्हा १९०८ च्या शरद ऋतूत फ्रिचल एकटाच निघाला. सुमारे १,८०० मैलांचा हा प्रवास त्याने महिन्याभरात पूर्ण केला. वाटेत चार्जिंगसाठी मुद्दाम उभारलेली साखळी अशी नव्हतीच. जेथे वीजघर किंवा गॅरेज सापडेल, तेथे थांबायचे आणि बॅटरी भरून पुढे निघायचे. डांबरी रस्ते अपवादानेच. बाकी चिखल, खाचखळगे आणि चढ. तरीही तो न्यूयॉर्कला पोहोचला.

७/२०
येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी. बॅटरी एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे डीसीवर, भरते. त्या काळी काही गावांत डीसी वीज असे, तर काही गावांत दिशा बदलणारा प्रवाह, म्हणजे एसी. एसी असेल तर आधी तिचे रूपांतर करणारे यंत्र हवे. पेट्रोलचा डबा किराणा दुकानात ठेवता येतो. वीज अशी डब्यात भरून ठेवता येत नाही. विजेच्या गाडीच्या वाटेत खरी अडसर होती ती ही.

८/२०
पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे. १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल फिरवण्याची कटकट संपली. म्हणजे पेट्रोलच्या गाडीची सर्वांत मोठी उणीव विजेनेच दूर केली! हळूहळू विजेच्या मोटारी रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या.

९/२०
आता लॉस एंजेलिसकडे वळू. १९४० च्या दशकापासून या शहरावर डोळे चुरचुरवणारे तपकिरी धुके पसरू लागले. ते येते कोठून, हे कोणालाच नीट उमगत नव्हते. कॅलटेक या संस्थेतील आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास त्याचा छडा लावला. मोटारींच्या व तेल उद्योगाच्या धुरातील घटकांवर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन हे धुके तयार होते, असे त्यांनी दाखवून दिले. हेच हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

१०/२०
त्याच कॅलटेकमध्ये वॉली रिपेल नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याने १९५८ ची एक फोक्सवॅगन व्हॅन घेऊन ती विजेवर चालणारी केली. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एमआयटीला शर्यतीचे आव्हान दिले. फ्रिचलच्या आव्हानानंतर साठ वर्षांनी पुन्हा तसेच आव्हान दिले गेले होते. फरक एवढाच की या वेळी ते स्वीकारले गेले.

११/२०
दोन्ही गाड्यांची प्रकृती भिन्न होती. कॅलटेकच्या व्हॅनमध्ये शिशाच्या बॅटऱ्या होत्या : जड, परंतु स्वस्त आणि परिचित. एमआयटीच्या कॉर्व्हेरमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या : अधिक आधुनिक आणि कितीतरी महाग. एका बाजूला जुने, पारखलेले तंत्र; दुसऱ्या बाजूला उद्याचे तंत्र. परंतु दोघांनाही तितकीच निकड होती ती तिसऱ्याच गोष्टीची.

१२/२०
ती गोष्ट म्हणजे वाटेवरची ५४ चार्जिंग स्टेशने. हिशेब करून पाहा : सुमारे ५,३०० किलोमीटर भागिले ५४, म्हणजे साधारण दर शंभर किलोमीटरला एक थांबा. मुंबईहून पुण्याला जाताना वाटेत एकदा, आणि पोहोचल्यावर पुन्हा बॅटरी भरण्यासारखे. एकही दुवा निखळला असता, तर गाडी माळरानात उभी राहिली असती. गाड्या दोन होत्या, दिशा विरुद्ध होत्या. साखळी मात्र एकच होती.

१३/२०
प्रत्येक थांब्यावर वेळेशी झुंज होती. बॅटरी जितकी वेगाने भरावी, तितकी ती तापते; आणि फार तापली तर बिघडते. म्हणून बॅटऱ्या थंड ठेवण्यासाठी चक्क बर्फाचा वापर झाला. आजच्या विजेच्या गाड्यांत बॅटरी थंड राखणारी द्रवप्रणाली असते. बर्फाच्या त्या ढिगाऱ्यांत तिची कच्ची रूपरेषा दिसते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१४/२०
शर्यत सुरळीत पार पडली नाही. ॲरिझोनात व्हॅनची विद्युत मोटर निकामी झाली. दुसरी मोटर मागवून बसवेपर्यंत जवळजवळ एक दिवस वाया गेला. कॉर्व्हेरही अखेरच्या टप्प्यात बंद पडली आणि तिला ओढून न्यावे लागले. तरी पॅसाडेनाला ती आधी पोहोचली, व्हॅन केंब्रिजला पोहोचण्याच्या एक दिवसाहून अधिक काळ आधी! मात्र नियमानुसार गाडी ओढून नेल्यास वेळेचा दंड होता.

१५/२०
दंड धरून अधिकृत हिशेब झाला : कॅलटेक २१० तास ३ मिनिटे, एमआयटी २१० तास ३३ मिनिटे. समुद्रापासून समुद्रापर्यंतच्या शर्यतीचा निकाल अवघ्या अर्ध्या तासाने लागला. जुन्या व्हॅनने आणि शिशाच्या बॅटऱ्यांनी बाजी मारली. सरासरी वेग पडतो ताशी सुमारे २५ किलोमीटर. पण ५४ थांब्यांची साखळी उभी राहिली, तर विजेची गाडी खंड ओलांडू शकते, हे निर्विवाद सिद्ध झाले.

१६/२०
साखळी मात्र शर्यतीपुरतीच होती. तिच्यातून सर्वसामान्यांसाठी कायमचे जाळे उभे राहिले नाही. १९७० मध्ये एमआयटीपासून कॅलटेकपर्यंत ‘क्लीन एअर कार रेस’ झाली. तीत नाना प्रकारच्या गाड्या उतरल्या, विजेच्याही होत्या. पण विजेतेपद मिळाले वेन स्टेट विद्यापीठाच्या सुधारित पेट्रोल गाडीला. इतिहासात अनेकदा असे घडते : प्रयोग यशस्वी होतो, परंतु त्याला आधार देणारी व्यवस्था उभी राहत नाही, आणि प्रयोग विस्मृतीत जातो.

१७/२०
१९९६ मध्ये जनरल मोटर्सने ‘ईव्ही-१’ भाडेपट्टीवर दिली. तिच्या आधीच्या ‘इम्पॅक्ट’ या नमुन्यावर काम करणाऱ्यांत एक नाव होते वॉली रिपेल! पण आता नवा घोळ झाला. ईव्ही-१ चार्ज करण्यासाठी वेगळ्या बनावटीची चपटी जोडणी लागे, तर इतर काही कंपन्यांच्या गाड्यांना दुसरीच. स्टेशन समोर असूनही उपयोग नाही, अशी गत. १९०८ चा एसी-डीसीचा पेच नव्या वेषात परत आला होता. पुढे या गाड्या परत घेऊन बहुतेक नष्ट करण्यात आल्या.

१८/२०
सप्टेंबर २०१२ मध्ये टेस्लाने कॅलिफोर्नियात आपली पहिली सहा ‘सुपरचार्जर’ स्टेशने जाहीर केली. २०२३ पर्यंत जगभरात सुपरचार्जरची ५०,००० चार्जिंग ठिकाणे झाली. हे जाळे विणले जात असतानाच मोजदादीचा छंद रुजला. केवळ वाकडी वाट करून फोटो काढणे पुरेसे मानले जात नाही. गाडी जोडून थोडी तरी वीज भरायला हवी, आणि एक स्टेशन एकदाच मोजायचे. नवी स्टेशने सतत उघडत असल्याने यादी कधीच पुरी होत नाही.

१९/२०
या छंदावर आक्षेपही आहे आणि तो रास्त आहे : प्रदूषण टाळण्यासाठी घेतलेली गाडी गरज नसताना हजारो मैल का पळवावी? पण दुसरी बाजूही पाहावी. कोठे यंत्र बंद आहे, कोठे रात्री दिवा नाही, कोणत्या दोन थांब्यांतील अंतर हिवाळ्यात बॅटरीला झेपत नाही, हे नकाशावर दिसत नाही; ते तेथे गेलेल्यालाच कळते. किल्ल्यावरचे टाके आटले आहे की भरले आहे, हे जसे तटावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, तसेच हे.

२०/२०
नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या जोडणीचा आराखडा इतरांसाठी खुला केला. मे २०२३ मध्ये फोर्डने आणि जूनमध्ये जनरल मोटर्सने ती स्वीकारण्याची घोषणा केली. साठ वर्षांच्या अंतराने आव्हान देणाऱ्या फ्रिचल आणि रिपेल या दोघांनाही जे हवे होते, ते आता कोठे अमेरिकेत आकार घेत आहे : कोणतीही गाडी, कोणताही थांबा. गाड्यांचा इतिहास आपण सहसा इंजिनांचा आणि वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. तो वाटेवरच्या थांब्यांचाही इतिहास आहे. घाटमाथ्यावरची जुनी टाकी, धर्मशाळा आणि नाक्यांवरच्या चौक्या पाहिलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या वेळी महामार्गावर एखादे चार्जिंग स्टेशन दिसले, तर १९६८ च्या त्या व्हॅनची आठवण जरूर काढा. धागा आवडला असल्यास मित्रांपर्यंत पोहोचवा. काही शंका असल्यास अवश्य विचारा.